डलिच हॅम्लेट बघायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल बघायला शिकलो आणि आता दक्षिण लंडनमध्ये दर दुसऱ्या शनिवारी चँपियन हिलच्या मैदानावर असतो. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये मराठी माणूस भेटला आणि गळ्यातला गुलाबी-निळा मफलर त्याला दिसला, की तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

डलिच हॅम्लेट हा नेमका कोणता क्लब? नाव कधी ऐकलं नाही.

दक्षिण लंडनमधल्या ईस्ट डलिच भागातला, १८९३ मध्ये सुरू झालेला फुटबॉल क्लब. लिहिताना ‘डब्ल्यू’ असला तरी उच्चार ‘डलिच’ असाच करायचा. ‘डलविच’ म्हणालात तर शेजारचा माणूस हसतमुखाने दुरुस्त करेल. हॅम्लेट म्हणजे वाडी, छोटी वस्ती. शेक्सपियरच्या राजपुत्राशी काही संबंध नाही. रंग गुलाबी आणि गडद निळा. इतका गुलाबी संघ तुम्ही याआधी क्वचितच पाहिला असेल, आणि पहिल्या सामन्यानंतर तो रंग डोक्यातून जात नाही.

‘नॉन-लीग’ म्हणजे हे लोक कुठल्याच लीगमध्ये खेळत नाहीत?

खेळतात, अगदी नेमाने खेळतात. नाव फसवं आहे. इंग्लंडमध्ये ‘द फुटबॉल लीग’ ही १८८८ पासूनची मूळ व्यावसायिक लीग. आज वर प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखाली तीन विभागांत ७२, असे मिळून ९२ क्लब होतात. या ९२ च्या बाहेर जे कुणी आहे ते सगळं नॉन-लीग.

पण ही एकच उतरंड आहे. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचे नॉर्थ आणि साउथ विभाग, सातव्यावर चार विभाग आणि त्यातला एक इस्थमियन लीगचा प्रीमियर विभाग. तिथून खाली पार गावच्या मैदानापर्यंत जिना उतरत जातो. दर वर्षी प्रत्येक पायरीवरून कुणी वर चढतं, कुणी खाली येतं. १९८७ पर्यंत मात्र नॉन-लीगमधून वरच्या ९२ मध्ये जायला आपोआप वाट नव्हती. वरच्या क्लबांनी मतदान करून कुणाला घ्यायचं ते ठरवायचं, आणि सहसा ते आपल्यातल्याच एकाला सांभाळून घ्यायचे. १९८७ मध्ये स्कारबरो हा क्लब केवळ मैदानातल्या कामगिरीवर वर गेला आणि दार उघडलं.

मग खेळाचा दर्जा कसा असतो? वेळ वाया जाणार नाही ना?

टीव्हीवर सिटी-आर्सेनल बघून आलात तर पहिली दहा मिनिटं चेंडू हवेत जास्त आहे असं वाटेल. मग लक्षात येईल की तुम्ही टचलाइनपासून चार हातांवर उभे आहात. बचावपटू ओरडून काय सांगतोय ते ऐकू येतंय, टॅकलचा आवाज येतोय, पंच कर्णधाराला समजावतोय तेही कळतंय. यातले बहुतेक खेळाडू आठवडाभर दुसरीकडे काम करून मंगळवारी-गुरुवारी सरावाला येतात. कुणी मोठ्या क्लबच्या अकादमीतून वगळलेला एकोणीस वर्षांचा मुलगा असतो, कुणी वरच्या लीगमध्ये खेळून आता इथे स्थिरावलेला. पीटर क्राउच २००० मध्ये टॉटनहॅमकडून उसना म्हणून इथे काही सामने खेळला आणि पुढे इंग्लंडच्या संघात गेला. अ‍ॅलन पार्ड्यूही प्रीमियर लीगमध्ये मॅनेजर होण्याच्या खूप आधी या क्लबकडून खेळत होता.

मैदानावर पोचायचं कसं?

लंडन ब्रिजहून ईस्ट डलिच स्टेशन, साधारण पाव तास. उतरून चालत पाच-सात मिनिटं. या भागात भुयारी रेल्वे नाही. १७६ आणि १८५ नंबरच्या बस डॉग केनेल हिलवरून जातात. सेन्सबरीजचं मोठं दुकान दिसलं की पोचलात असं समजा, मैदान त्याला लागूनच आहे. आत नेणाऱ्या रस्त्याचं नाव एडगर केल वे. हा कोण, ते खाली लिहिलंय. घाईत असाल तरी ते वाचा, कारण तो माहीत असला की रस्त्याच्या पाटीकडे बघायची नजर बदलते.

गाडी आणू नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि तिथे लोक राहतात.

तिकीट?

क्लबच्या संकेतस्थळावरून आधीच काढा. शनिवारच्या सामन्याला, विशेषतः ऊन पडलं असेल तर, मैदान भरतं. क्षमता तीन हजार, त्यात बसायच्या जागा पाचशेच्या आसपास. उरलेले सगळे उभे. प्रीमियर लीगच्या एका तिकिटाच्या पैशांत इथे सगळं कुटुंब येऊन खाऊन-पिऊन जातं.

सामन्याच्या दिवशी नेमकं काय काय होतं?

शनिवारचा सामना तीन वाजता. मी दीडला पोचतो. खरं तर त्या वेळी करण्यासारखं काही नसतं, पण मला तो तास आवडतो. स्वयंसेवक कार्यक्रमपत्रिकांचे गठ्ठे सोडत असतात, कुणी जाळ्यांच्या गाठी तपासत असतं, खाण्याच्या गाड्यांवरून कांदा परतल्याचा वास येतो. फाटकावरची, दुकानातली, कचरा उचलणारी बरीचशी माणसं बिनपगारी आहेत. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात जशी तीच ती दहा-बारा डोकी वर्षानुवर्षं राबतात, तसंच.

अडीचपर्यंत मुख्य स्टँडमधला बार गच्च भरतो. इथे आपले आणि पाहुणे असे पिंजरे केलेले नसतात. विरुद्ध क्लबचे पन्नास-शंभर लोक येतात आणि तुमच्याच रांगेत बिअरसाठी उभे राहतात. तीनला पाच मिनिटं कमी असताना गाणारी मंडळी गोलच्या मागे जमतात. डलिचचा संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्या गोलमागे. मध्यंतराची शिट्टी झाली की हा सगळा जथा झेंडे, ढोल आणि लहान पोरांसकट मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातो, कारण आता हल्ला तिकडे होणार. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला पालखीने मुक्काम हलवल्यासारखं वाटलं होतं. मोठ्या स्टेडियममध्ये खुर्चीचा नंबर ठरलेला असतो, त्यामुळे हे शक्यच नाही.

गाणी बहुतेक प्रोत्साहनाची असतात. पाहुण्या गोलरक्षकाला चिडवणं चालतं, पण वंश, लिंग, लैंगिकता यावरून कुणी तोंड उघडलं तर आजूबाजूचेच लोक त्याला गप्प करतात. मी इथे सावळ्या कातडीचा एकटा माणूस म्हणून पहिल्या दिवशी जरा आखडून, कोपऱ्यात उभा होतो. शेजारच्या साठीच्या बाईंनी विचारलं, पहिलाच सामना का? हो म्हटल्यावर त्यांनी पुढची नव्वद मिनिटं मला प्रत्येक खेळाडूची कुंडली सांगितली. गोल झाला तेव्हा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही जाणवत होता. त्या आजही त्याच कठड्यापाशी असतात आणि मी त्यांच्या डावीकडे.

मंगळवारी रात्री पावणेआठला सामना असेल तर गर्दी कमी आणि थंडी जास्त असते. मला विचाराल तर खरा क्लब मंगळवारी दिसतो.

बिअर हातात घेऊन सामना बघता येतो हे खरं?

खरं आहे. वरच्या विभागांत १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर बंदी आहे, या पायरीवर ती लागू होत नाही. न पिणाऱ्यांसाठी चहा असतो, आणि जानेवारीत पिणारेही चहाच घेतात.

मुलांना आणलं तर चालेल का?

जरूर आणा. माझी मुलगी चार वर्षांची असताना आली, ती आता मला सोडून मैत्रिणींबरोबर कठड्यावर रेलून उभी असते. ढोलाचा आवाज सोसत नसेल तर स्टँडमध्ये बसा. डब्यात पोळीचा रोल आणलात तरी कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. कुत्री घेऊन येणारेही आहेत.

क्लब सुरू कुणी केला?

लॉरेन विल्सन या गृहस्थांनी, ज्यांना सगळे ‘पा’ म्हणत. डलिच हॅम्लेट नावाच्या प्राथमिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी हा संघ उभा केला आणि नाव तेच राहिलं. १९०७ मध्ये क्लब इस्थमियन लीगमध्ये गेला. ही लीग १९०५ ची, लंडन परिसरातल्या हौशी क्लबांची. तिचं ब्रीद लॅटिनमध्ये ‘ऑनर सुफिकिट’ म्हणजे ‘मान पुरेसा आहे’. हे नुसतं पाटीवरचं वाक्य नव्हतं. सुरुवातीच्या काळात विजेत्यांना ना करंडक मिळे, ना पदक.

एडगर केल कोण होता?

कॅम्बरवेलमध्ये १९०० साली जन्मलेला, जवळपास हाकेच्या अंतरावरचा मुलगा. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्लबमध्ये आला, १९३३ पर्यंत इथेच खेळला आणि चारशेहून जास्त गोल केले. मोठे व्यावसायिक क्लब त्याच्या मागे होते. तो गेला नाही. नोकरी करायचा आणि शनिवारी डलिचसाठी खेळायचा.

१९२९ च्या मे महिन्यात त्याला इंग्लंडच्या वरिष्ठ संघात घेतलं. पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध इंग्लंड ४-१ ने जिंकलं, त्यातले दोन गोल केलचे. मग बेल्जियम, आणि त्यानंतर माद्रिदमध्ये स्पेनविरुद्ध ४-३ असा तो पराभव, युरोपखंडातल्या संघाकडून इंग्लंडचा पहिलाच. नॉन-लीग क्लबमध्ये राहून इंग्लंडकडून खेळलेल्या अगदी शेवटच्या मोजक्या माणसांत त्याची गणना होते. आज त्याला खेळताना पाहिलेलं कुणीही मैदानावर नाही, तरी दर सामन्याला त्याच्या नावाचा गजर होतो. आठ वर्षांची पोरं तो करतात. मला याचं अजूनही नवल वाटतं.

परदेशी खेळाडूंची परंपरा आहे का?

आहे, आणि फार जुनी आहे. हुसेन हेगाझी हा इजिप्तचा तरुण १९११ मध्ये शिकायला लंडनला आला आणि डलिचकडून खेळू लागला. पदलालित्य असं की फुलहॅमने त्याला बोलावलं. त्या नोव्हेंबरमध्ये तो स्टॉकपोर्ट काउंटीविरुद्ध फुटबॉल लीगचा सामना खेळला आणि त्यात गोलही केला. फुलहॅमला तो हवाच होता. पण पा विल्सन त्याला भेटले, आणि आधी ज्यांनी आपलं म्हटलं त्यांना सोडणं त्याला पटलं नाही. तो डलिचला परतला. पुढे मायदेशी जाऊन अल अहली आणि झमालेक या दोन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला आणि १९२० व १९२४ च्या ऑलिम्पिकमध्ये इजिप्तच्या संघात होता. कैरोत त्याच्या नावाचा रस्ता आहे. म्हणजे या छोट्या क्लबच्या दोन खेळाडूंच्या नावाचे रस्ते दोन खंडांत आहेत.

साम्राज्याच्या ऐन भरात एका इजिप्शियन मुलाला या वाडीने डोक्यावर घेतलं होतं. मला या क्लबात परकं का वाटत नाही, असं कुणी विचारलं की मी हेगाझीची गोष्ट सांगतो.

सुवर्णकाळ कोणता?

दोन महायुद्धांमधला, निःसंशय. इस्थमियन लीगचं विजेतेपद १९२०, १९२६, १९३३ मध्ये आणि युद्धानंतर १९४९ मध्ये. इंग्लिश फुटबॉल संघटनेचा (एफए) हौशी क्लबांसाठीचा अमॅच्युअर कप चारदा : १९२०, १९३२, १९३४, १९३७. यातल्या १९३२ च्या अंतिम सामन्यात मरीन या क्लबला ७-१ असं धुतलं.

हौशी फुटबॉलला तेव्हा किती मान होता हे आज पटकन उमगत नाही. १९३३ च्या अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्याला चँपियन हिलवर २०,७४४ लोक होते, आणि त्यात डलिच खेळतही नव्हतं. किंग्स्टोनियन विरुद्ध स्टॉकटन असा सामना होता. पन्नाशीच्या दशकात याच स्पर्धेच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर एक लाख लोक जमत. हळूहळू ते सगळं ओसरलं. ‘हौशी’ म्हणवणारे क्लब टेबलाखालून पैसे देतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अखेर १९७४ मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि अमॅच्युअर कपही संपला.

इथे ऑलिम्पिकचा सामना झाला होता?

झाला होता. २ ऑगस्ट १९४८ रोजी दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ ने हरवलं ते चँपियन हिलवर. त्या ऑलिम्पिकचे बरेच फुटबॉल सामने अशाच हौशी क्लबांच्या मैदानांवर झाले. आपला भारताचा फ्रान्सविरुद्धचा सामना दोनच दिवस आधी, ३१ जुलैला, पूर्व लंडनमधल्या इलफर्डच्या क्रिकलफील्ड मैदानावर झाला होता. तेही इस्थमियन लीगमधल्या क्लबचंच मैदान. स्वतंत्र भारताचा तो ऑलिम्पिकमधला पहिला फुटबॉल सामना, अनेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रमणने गोल केला, दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना २-१ ने गेला. इलफर्डकडे राहणाऱ्या मराठी मित्रांना मी नेहमी सांगतो, एकदा तिथे जाऊन उभे राहा.

नंतरच्या काळात लीगमध्ये काय झालं?

चढउतार, आणि बरीच वर्षं उतारच. जुनं भव्य मैदान खर्च झेपेना म्हणून गेलं. त्यातल्या जागेवर सेन्सबरीज आलं आणि १९९२ मध्ये आजचं लहान स्टेडियम उभं राहिलं. या शतकाच्या सुरुवातीला संघ इस्थमियनच्या प्रीमियर विभागाखाली होता आणि सामन्याला दोन-तीनशे लोक येत. २००९ मध्ये गॅव्हिन रोझ मॅनेजर झाले, ते २०२२ पर्यंत राहिले. मोठ्या क्लबांनी नाकारलेल्या दक्षिण लंडनच्या पोरांना त्यांनी इथे उभं केलं. २०१३ मध्ये इस्थमियनचा डिव्हिजन वन साउथ जिंकून संघ इस्थमियन प्रीमियरमध्ये परतला. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं बढतीच्या प्ले-ऑफचा, म्हणजे वर कोण जाणार ते ठरवणाऱ्या सामन्यांचा, अंतिम सामना हरला. २०१८ मध्ये जिंकला आणि नॅशनल लीग साउथमध्ये गेला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एफए कपच्या पहिल्या फेरीत कार्लाइल युनायटेड इथे आलं. आपण १-४ हरलो, पण सामना बीबीसीवर दिसला. २०२३ मध्ये घसरण होऊन संघ पुन्हा इस्थमियन प्रीमियरमध्ये आला.

२०१८ मध्ये क्लब बंद पडणार होता म्हणतात, ते काय प्रकरण?

मैदानाची जागा एका विकासक कंपनीच्या ताब्यात होती. तिथे घरं बांधायची योजना, महापालिकेशी वाद, भाड्यावरून तंटा, असं करता करता मार्च २०१८ मध्ये क्लबला मैदानातून बाहेर काढलं. एवढंच नाही, विकासकाशी संबंधित कंपनीने क्लबच्या नावाचेच हक्क स्वतःकडे नोंदवल्याचं पत्र आलं. सव्वाशे वर्षं वापरलेलं नाव तुम्ही वापरू नका, असं. दुसऱ्या दिवशी मफलर गळ्यात घालताना हात थबकला होता, हे मला लख्ख आठवतं.

मग लोक उठले. मोर्चा निघाला, संसदेत प्रश्न गेला, लंडनच्या महापौरांनी पाठिंबा दिला. वर्षानुवर्षांच्या प्रतिस्पर्ध्याने, टूटिंग अँड मिचमने, आपलं मैदान खेळायला दिलं. शेजारच्या पेठेच्या तालमीने आपल्या पोरांना सरावाला जागा द्यावी, तसं होतं ते. आणि त्याच उसन्या मैदानावर मे महिन्यात हेंडनविरुद्ध बढतीचा अंतिम सामना झाला. तीन हजारांवर लोक. बरोबरी, मग पेनल्टी. घर नसलेला संघ क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच सहाव्या पायरीवर गेला. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. मीही रडलो.

त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी संघ चँपियन हिलवर परतला. मी त्या दिवशी दारापाशी थांबून आत शिरणाऱ्या माणसांचे चेहरे बघत होतो.

खर्च भागतो कसा?

तिकिटं, बार, प्रायोजक. शिवाय समर्थकांचा न्यास आहे, आणि ‘ट्वेल्फ्थ मॅन’ नावाची योजना, ज्यात लोक स्वेच्छेने पैसे घालतात आणि ते थेट खेळाडूंच्या मानधनाला जातात. बिअरचा एक ग्लास इथे घेतला तरी क्लबला मदत होते, म्हणून येताना बाहेर पिऊन येऊ नका.

ते इंद्रधनुषी झेंडे आणि जर्मन मफलर कशाला?

समर्थकांची भूमिका उघड आहे, वंशद्वेष आणि समलिंगीद्वेषाला इथे जागा नाही. २०१५ मध्ये स्टोनवॉल एफसी या समलिंगी खेळाडूंच्या संघाशी इथे मैत्रीपूर्ण सामना झाला. जर्मन मफलर हॅम्बुर्गच्या अल्टोना ९३ चे. त्या क्लबचाही जन्म १८९३ चा, म्हणून दोघांचं जुळलं. इकडचे तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात.

महिलांचा संघ आहे?

२०१९ पासून आहे. बरेच सामने रविवारी असतात आणि मुलींना घेऊन यायला तो दिवस फार चांगला.

कोल्हापूरच्या फुटबॉलसारखं वाटतं का?

काही बाबतीत हुबेहूब. पाटाकडील विरुद्ध खंडोबा किंवा दिलबहार विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असे पेठांतल्या तालमी-मंडळांचे सामने बघताना माणूस खेळाडूचं नाव घेतो ते ‘आमच्या गल्लीतला’ म्हणून. इथेही तसंच. फरक इतकाच की कोल्हापुरात पेठेची ईर्ष्या कधी कधी डोक्यात जाते, इथे सामना संपल्यावर दोन्हीकडचे एकाच बारमध्ये बसतात. उलट आपल्याकडे तालीम ही खरोखर पेठेच्या मालकीची असते, तिला कुणी नाव वापरू नका असं पत्र पाठवू शकत नाही. इथल्या मित्रांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तालमींविषयीच विचारत राहिले.

पहिल्यांदा कधी येऊ?

आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या शनिवारी, जेव्हा प्रीमियर लीग बंद असते. २०१० पासून अशाच एका शनिवारी ‘नॉन-लीग डे’ साजरा होतो. पण गर्दी नको असेल तर, आधी म्हटलं तसं, मंगळवार.

पाऊस असेल तर?

पाऊस असला तरी सामना होतो. मैदानात पाणी साचलं तर मात्र पंच सकाळी पाहणी करून पुढे ढकलतात, म्हणून निघण्याआधी क्लबची घोषणा बघा. जाड मोजे घाला. छत्री उघडली की मागच्याला दिसत नाही, तेव्हा टोपीचं जाकीट आणा. मी गोलमागे, डाव्या कठड्याशी असतो. मराठीत हाक मारा, चहा माझ्याकडून.